कळलावी : दक्षिण कोकणातील एका वनपुष्पाच्या नावांचा इतिहास

मालवण, वेंगुर्ले आणि देवगड या तालुक्यांच्या किनारपट्टीत मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे सड्यांच्या कडेने, गडग्यांच्या फटींतून आणि कुंपणाच्या झुडुपांतून एक नाजूक वेल वर येऊ लागते. तिच्या पानांची टोके लांबत जाऊन तणाव्यांप्रमाणे वळतात आणि शेजारच्या झाडाचा आधार घेतात. श्रावण-भाद्रपदांत तिला फुले येतात. फुलाला सहा पाकळ्या असतात, त्यांच्या कडा कुरळ्या असतात आणि त्या देठाच्या दिशेने मागे उलटलेल्या असतात. आरंभी हिरवट पिवळा असलेला त्यांचा रंग क्रमाने नारिंगी आणि अखेरीस तांबडाभडक होतो. पावसाळा सरला की वेल सुकून नाहीशी होते आणि जमिनीखाली नांगराच्या आकाराचा कंद तेवढा पुढील मृगाची वाट पाहत राहतो. मराठीत या वनस्पतीस कळलावी म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ग्लोरिओसा सुपर्बा असे आहे.

थिओडोर कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१–१९०८) आणि त्या काळच्या सर्वच ग्रंथांत ही वनस्पती लिलिएसी, म्हणजे पलांडुकुलात, गणली जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या विस्तृत कुलाची फेरमांडणी झाली आणि कळलावीचा समावेश आता कोल्चिकेसी या कुलात केला जातो. या बदलास वर्गीकरणाबाहेरही अर्थ आहे, तो पुढे येईल. येथे मुख्य विचार करावयाचा आहे तो तिच्या लौकिक आणि शास्त्रीय नावांचा. ही नावे कोणी दिली, वनस्पतीचा कोणता भाग पाहून दिली आणि कोणत्या प्रयोजनाने दिली, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधीत गेल्यास एका रानफुलाच्या निमित्ताने दक्षिण कोकणातील ज्ञानव्यवहाराचा एक लहानसा इतिहास हाती लागतो. त्याबरोबरच, नावांचा गोंधळ झाला असता तो केवळ कोशकाराची अडचण न राहता प्राणावर बेतू शकतो, हेही स्पष्ट होते.

१. कंदाची नावे आणि फुलाची नावे

पलांडुकुलातील वनपुष्पांच्या बाबतीत नावांचे दोन प्रवाह असणे ही केवळ कोकणातील गोष्ट नाही. युरोपातील वनांत वसंताच्या आरंभी, वृक्षांना पुरती पालवी फुटण्यापूर्वी, एरिथ्रोनियम नावाचे एक फूल उमलते. त्याचा कंद पांढरा आणि टोकदार असल्यामुळे त्यास ‘कुत्र्याचा दात’ असे नाव पडले आणि लिनेअसनेही १७५३ साली तोच अर्थ लॅटिन नावात कायम ठेवला. इंग्रजीत मात्र त्या नावापुढे ‘व्हायोलेट’ हा शब्द जोडला गेला, जरी व्हायोलेटच्या कुलाशी त्याचा काहीही संबंध नाही. अमेरिकेतील त्याच्या भावंडास पानांवरील ठिपक्यांमुळे ट्राउट माशाचे नाव मिळाले. कंद खणणाराने एक नाव दिले, पाने पाहणाराने दुसरे दिले. कोकणात वसंत हा फुलांच्या जागृतीचा ऋतू असला तरी कंदवर्गीय वनस्पतींना जाग येते ती पावसाने. ऋतू निराळा असला तरी नामकरणाची रीत मात्र तीच आहे.

कळलावीच्या संस्कृत नावांचा विचार केला असता हे अधिक स्पष्ट होते. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील निघंटूत तिची जी नावे आली आहेत त्यांत कलिहारी, हलिनी, लांगली, शक्रपुष्पी, विशल्या, अग्निशिखा, वह्निवक्त्रा आणि गर्भनुत् ही प्रमुख होत. यांतील हलिनी आणि लांगली ही दोन्ही नावे नांगरावरून आलेली आहेत. कळलावीचा कंद दोन बाजूंस वाकलेला असतो आणि नांगराच्या आकृतीची सहज आठवण करून देतो. अग्निशिखा आणि वह्निवक्त्रा ही नावे फुलाच्या ज्वालेसारख्या रूपावरून आली. शक्रपुष्पी म्हणजे इंद्राचे फूल. विशल्या आणि गर्भनुत् ही नावे मात्र ना कंदाच्या आकाराची ना फुलाच्या रंगाची. ती वनस्पतीच्या परिणामाची नावे आहेत.

नांगराची उपमा संस्कृतपुरती मर्यादित नाही. तमिळमध्ये या कंदास ‘कलप्पै किळंगु’ म्हणजे नांगरकंद असे नाव आहे. बंगालीत तिला ‘उलटचंडाल’ म्हणतात. त्यात उलटलेल्या पाकळ्यांची खूण स्पष्ट दिसते. एकाच वनस्पतीकडे पाहणाऱ्या निरनिराळ्या भाषांतील माणसांनी एक तर जमिनीखालचा नांगर पाहिला, नाही तर जमिनीवरची ज्वाळा पाहिली. कोणी कोणाचा शब्द उसना घेतला हे ठरविणे प्रत्येक वेळी शक्य नाही. निरीक्षणाचे साम्य एवढीच गोष्ट येथे निश्चितपणे सांगता येते.

२. ‘कळ’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठी ‘कळलावी’ या नावाची फोड ‘कळ लावणारी’ अशी होते, यात वाद नाही. वाद आहे तो ‘कळ’ या शब्दाच्या अर्थाविषयी. मराठीत कळ म्हणजे वेदना. अनेकवचनी ‘कळा’ हा शब्द तर प्रसूतिवेदनांना रूढच आहे. कळ म्हणजे कलहही. ‘कळ लावणे’ म्हणजे दोघांत भांडण उपस्थित करणे, आणि नारदास ‘कळलाव्या’ म्हणण्याची रीत घरोघर परिचित आहे. तेव्हा कळलावी म्हणजे प्रसूतीच्या कळा आणणारी की घरात भांडण लावणारी, असा प्रश्न उभा राहतो.

पहिल्या अर्थास वैद्यकाचा भक्कम आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात, प्रसूतीनंतर वार पडत नसल्यास करावयाच्या उपायांत लांगलीच्या मुळाचा कल्क सूतिकेच्या तळहातांस आणि तळपायांस लावावा, असे सांगितले आहे. विशल्या या नावाचा अर्थही याच संदर्भात उलगडतो. शरीरात अडकलेले आणि बाहेर काढावयाचे ते शल्य. सुश्रुताच्या परंपरेत अडलेला गर्भ हाही शल्याच्या कोटीतच धरला जातो. त्या शल्यातून मुक्त करणारी ती विशल्या. हे नाव प्राचीन ग्रंथांत एकाहून अधिक वनस्पतींना लावलेले आढळते, म्हणून प्रत्येक उल्लेख कळलावीचाच समजणे धोक्याचे आहे. परंतु निघंटुकाराने गर्भनुत् हे नाव तिच्याशेजारी ठेवले, यावरून प्रसूतीशी तिचा संबंध वैद्यपरंपरेत दृढ होता, एवढे निःसंशय म्हणता येते. पुढे विसाव्या शतकात वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधिसंग्रहा’सारख्या (१९२७) मराठी ग्रंथांनी ही परंपरा देशी भाषेत वाचकांपुढे ठेवली.

दुसरा अर्थ मात्र अडाणी समजुतीतून निघालेला म्हणून बाजूस सारण्याची प्रवृत्ती आढळते. कळलावी घरात आणल्यास भांडणे होतात, ही समजूत महाराष्ट्रात दूरवर पसरलेली आहे. वैद्यकीय अर्थ मूळचा आणि कलहाचा अर्थ शब्दसाम्यामुळे मागाहून चिकटलेला, असे अनुमान सहज सुचते. परंतु संस्कृत परंपरेतच ‘कलिकारी’ असे तिचे एक नाव आहे, आणि त्याचा सरळ अर्थ कलह करणारी असाच होतो. ‘कलिहारी’ या जोडनावाचा शब्दशः अर्थ तर कलह हरण करणारी असा, म्हणजे नेमका उलट निघतो. हिंदीत याच नावांची ‘करियारी’, ‘करिहारी’ अशी रूपे झाली. ‘कारी’ आणि ‘हारी’ यांतील ही अनिश्चितता पाहता असे वाटते की, लोकभाषेतील एखाद्या जुन्या नावास संस्कृत रूप देताना पंडितांनी निरनिराळे मार्ग पत्करले असावेत. ते कसेही असो. कलहाचा अर्थ मराठीत अलीकडे जन्मास आला असे म्हणण्यास आधार उरत नाही. दोन्ही अर्थ दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

या समजुतीचे प्रत्यक्ष कार्य काय होते, हे पाहणे अधिक उपयुक्त होय. कळलावीचा कंद अत्यंत विषारी आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत अर्क, स्नुही, करवीर, गुंजा, अहिफेन आणि धत्तूर यांच्या पंक्तीस लांगली ही सात उपविषांपैकी एक म्हणून बसविलेली आहे. दक्षिण कोकणात पावसाळ्यानंतर कणगी, करांदे, कोनफळे इत्यादी कंद खणून उकडून खाण्याची चाल आहे. अशा मुलखात एक विषारी कंद मुलाबाळांच्या हाती लागणे अवघड नाही. श्रीलंकेत रताळे किंवा दुसरा खाद्य कंद समजून कळलावीचा कंद शिजवून खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. कंद उकडल्याने त्यातील विष नाहीसे होत नाही. विषाचे ज्ञान सर्वांना देता येत नाही, पण भांडणाची भीती सर्वांना कळते. ही समजूत कोणी मुद्दाम या हेतूने रचली, असा दावा करता येणार नाही. तथापि तिच्या योगाने कंद घरापासून आणि चुलीपासून दूर राहिला, हा तिचा परिणाम नाकारता येत नाही.

३. माटवीतील फूल

जे झाड घरात आणू नये तेच भाद्रपदात दक्षिण कोकणातील काही घरांत देवापुढे टांगले जाते, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. सिंधुदुर्गातील गणेशोत्सवात मूर्तीच्या वर लाकडी चौकट बांधून तिला रानातील फळे, फुले आणि पाने बांधतात. तिला माटवी म्हणतात, गोमंतकात तीच माटोळी होय. नारळ, सुपारीचे घोस, तवसे यांच्याबरोबर कवंडळाची लाल फळे, शेरवडाची पांढरी पाने, तेरड्याची फुले आणि इतर कितीतरी रानवस्तू तिच्यात असतात. त्या रानवस्तूंतच कळलावीचे ज्वालेसारखे फूलही येते. माटवी बांधणे म्हणजे त्या ऋतूत गावच्या रानात काय काय उगवले याची वार्षिक मोजदाद करणेच होय. ती मोजदाद घरातील वडीलधारी माणसे मुलांना बरोबर घेऊन करीत आली आहेत.

गणपतीपाठोपाठ गौरी येतात. कोकणात अनेक ठिकाणी गौर ही मूर्तीची नसून तेरड्याच्या आणि अन्य रोपांच्या जुडीची असते; स्त्रिया ती पाणवठ्यावरून किंवा शेताच्या कडेवरून वाजतगाजत घरी आणतात. कळलावीच्या फुलांना कोकणात ‘गौरीचे हात’ असे म्हणण्याचा प्रघात आहे तो याच सणामुळे. उलटलेल्या सहा पाकळ्या पंज्याप्रमाणे दिसतात आणि त्यांचा रंग मेंदी लावलेल्या बोटांसारखा असतो. कन्नड प्रदेशातही या फुलास ‘गौरी हूवु’ असे नाव आहे. म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस एकाच सणाने एकाच फुलाला नाव दिले.

हाताची ही उपमा आणखी जुनी आहे. तमिळ संघम् वाङ्मयात कळलावीस ‘कांदळ’ म्हणतात. डोंगराळ प्रदेशाचे, म्हणजे कुरिंजी भूमीचे, ते मानाचे फूल असून मुरुगन् देवाशी त्याचा संबंध जोडलेला आहे. ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यातील नव्व्याण्णव फुलांच्या सुप्रसिद्ध यादीचा आरंभ याच फुलाने होतो. स्त्रीच्या बोटांना कांदळाच्या पाकळ्यांची उपमा देणे हा त्या काव्यपरंपरेतील रूढ संकेत आहे. तमिळनाडू राज्याने पुढे हेच फूल आपले राज्यपुष्प म्हणून स्वीकारले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीस आणि कोकणातील गौर आणणाऱ्या स्त्रीस एकाच फुलात हात दिसावा, यासाठी परस्परसंबंध सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. दोघांनीही फूल नीट पाहिले होते.

यावरून कळलावी या नावातील निषेध आणि ‘गौरीचे हात’ या नावातील आदर परस्परविरोधी नाहीत, असे दिसते. निषेध कंदाचा आहे, आदर फुलाचा आहे. फूल तोडून आणणारा कंद उपटीत नाही. किंबहुना कंद जमिनीत राहिला तरच पुढील भाद्रपदात फूल मिळावयाचे. एकाच वनस्पतीला दोन नावे असल्यामुळे तिच्याशी वागण्याच्या दोन रीती एकमेकींत मिसळत नाहीत.

४. बंदरांतून गेलेली नावे

या किनाऱ्यावरील वनस्पतींची नावे युरोपीय विद्येत कशी पोहोचली, याचा मागोवा घेताना मलबारकडे वळावे लागते. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचा वाटा होता. गोमंतकातून दक्षिणेस गेलेल्या समाजातील हे पंडित होत. १६७५ साली त्यांनी दिलेले प्रशस्तिपत्र नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. ग्रंथातील चित्रांवर मलयाळम् नावांबरोबर नागरीतही नावे कोरलेली आढळतात. कोकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावरील वनस्पतिज्ञान छापील ग्रंथात प्रविष्ट होण्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग होय.

कळलावी या ग्रंथाच्या सातव्या खंडात (१६८८) ‘मेंदोनी’ या नावाने येते. आजच्या मलयाळम्‌मधील ‘मेन्तोन्नि’ ते हेच. श्रीलंकेत डच कंपनीचा वैद्य म्हणून राहिलेल्या पॉल हर्मान याने १६८७ च्या आपल्या लायडेन उद्यानाच्या ग्रंथात तिला ‘मेथोनिका’ म्हटले. त्या नावाचे मूळही याच देशी शब्दात असावे. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय वनस्पतिशास्त्रात ही वनस्पती आपल्या देशी नावानेच वावरत होती. लिनेअसने ते चालू दिले नाही. वंशनामे ग्रीक किंवा लॅटिनमधूनच घ्यावीत, इतर भाषांतील ‘रानटी’ नावे त्याज्य समजावीत, हा दंडक त्याने १७३७ च्या ‘क्रिटिका बोटॅनिका’ या ग्रंथात घालून दिला होता. त्यास अनुसरून ‘मेथोनिका’ जाऊन ‘ग्लोरिओसा’ आले, आणि १७५३ मध्ये ‘सुपर्बा’ हे पद त्यास जोडले गेले. दोन्ही शब्दांत फुलाच्या वैभवाची स्तुती आहे. कंदाचा, विषाचा किंवा वापरणाऱ्या माणसांचा मागमूस त्यांत उरला नाही. शास्त्रीय नावाचे काम ओळख निश्चित करणे हे होय आणि ते या नावाने चोख केले. पण अनुभवाचा जो साठा देशी नावांत होता तो त्यात येणे शक्य नव्हते.

५. नोंदवह्यांतील नावे

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात वनस्पतींच्या पद्धतशीर नोंदीस प्रारंभ झाला. अलेक्झांडर गिब्सन आणि एन. ए. डॅलझेल या वनाधिकाऱ्यांनी १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. विल्यम डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांनी १८९० ते १८९३ या वर्षांत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा औषधी वनस्पतींचा त्रिखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या मुंबईच्या डॉक्टरांनी मुंबईतील विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली आणि त्यांनी बी. डी. बसू यांच्यासमवेत सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ साली निघाला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या साहित्यात या प्रदेशाची माहिती रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान या नावांखाली शोधावी लागते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवणे इष्ट होय.

त्या काळच्या औषधी वाङ्मयात कळलावीची मराठी आणि ‘बॉम्बे’ नावे म्हणून इंदई, करियानाग, नागकरिया, खड्यानाग अशी नावे मिळतात. यांतील ‘इंदई’ हे नाव अर्थदृष्ट्या शक्रपुष्पीच्या जवळ नेता येईल, कारण शक्र म्हणजे इंद्र. परंतु एवढ्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे योग्य नव्हे. ‘करियानाग’ आणि ‘नागकरिया’ ही एकाच जोडशब्दाची उलटसुलट रूपे दिसतात आणि त्यांतील ‘करिया’ हा हिंदी ‘करियारी’चा सोयरा असण्याचा संभव आहे. तसे असल्यास ही नावे शेतावरची नसून व्यापाराच्या मार्गाने आलेली ठरतात. नोंद करणाऱ्यांचा वावर मुख्यतः वैद्य, पंसारी आणि रुग्णालये यांच्यात होता. ज्यांनी कंद विकला आणि ज्यांनी तो वापरला त्यांची नावे त्यांच्या कानी पडली. ‘गौरीचे हात’ हे नाव सांगणाऱ्या स्त्रिया औषधाच्या बाजारात भेटत नसत. नोंदवहीतील मौन हे नाव नसल्याचा पुरावा ठरत नाही, ते विचारणाराच्या मार्गाचे द्योतक असते.

६. नागाचा गोंधळ

या बाजारी नावांतील ‘नाग’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. हिमालयातील ॲकोनाइट या भयंकर विषास संस्कृतात वत्सनाभ म्हणतात. त्याचेच प्राकृत वळणाने वच्छनाग आणि बचनाग झाले. ‘नाभ’चा ‘नाग’ झाल्यावर सर्पाच्या विषाची छाया त्यावर पडली आणि नाव अधिकच रूढ झाले. पुढे हेच नाव कळलावीलाही लावण्यात आले. महाराष्ट्रात तिला काही ठिकाणी बचनाग म्हणतात, गुजरातीत ‘दूधियो वछनाग’ म्हणतात, तर तेलुगूत ‘अडविनाभि’, म्हणजे रानातील नाभि. गुजराती आणि तेलुगू नावांत निदान ‘दूधियो’ आणि ‘अडवि’ ही विशेषणे भेद दाखवितात. मराठीत नुसते ‘बचनाग’ म्हटले म्हणजे तो भेदही पुसला जातो.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे रसायनशास्त्राने दाखवून दिले. वॉर्डन यांनी १८८० साली कळलावीच्या कंदाचे परीक्षण करून त्यातून एक कडू विषारी द्रव्य वेगळे केले होते. वनस्पतीच्या लॅटिन नावावरूनच त्यास ‘सुपर्बीन’ म्हणण्यात आले. १९१५ मध्ये क्ल्यूअर, ग्रीन आणि ट्यूटिन या संशोधकांनी या वनस्पतीत कोल्चिसीन असल्याचे सिद्ध केले. हे अल्कलॉइड पेल्तिये आणि काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० साली युरोपातील कोल्चिकम् या वनस्पतीतून प्रथम मिळविले होते आणि वातरक्तावरील औषध म्हणून ते प्रसिद्ध होते. कळलावीचे आजचे कुल कोल्चिकेसी आहे, याचा आरंभी उल्लेख केला तो यासाठी. लिलीच्या रूपसाम्यापेक्षा विषाचे साम्य तिच्या खऱ्या नात्याची अधिक चांगली खूण ठरले. १९३७ पासून कोल्चिसीनचा उपयोग वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठीही होऊ लागला, आणि तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होऊ लागली.

ॲकोनाइटचे विष आणि कोल्चिसीन यांची क्रिया अगदी भिन्न आहे. ॲकोनाइट घेतल्यावर थोड्याच वेळात तोंडास आणि बोटांस मुंग्या येतात, बधिरता येते आणि हृदयाचे ठोके विस्कळित होतात. कोल्चिसीनचा परिणाम काही तासांनी दिसू लागतो. प्रथम उलट्या आणि जुलाब होतात. त्यानंतर रोगी किंचित सावरल्यासारखा भासला तरी एकेक इंद्रिय निकामी होत जाते आणि अस्थिमज्जेवर आघात होतो. रोग्याच्या नातलगाने ‘बचनाग खाल्ला’ असे सांगितले आणि वैद्याने त्याचा अर्थ ॲकोनाइट असा घेतला, तर आरंभीचे काही तास मुंग्या नाहीत, हृदय ठीक आहे, म्हणून धोका टळला असा समज होण्याची भीती असते. नेमक्या त्याच काळात विष शरीरात आपले काम करीत असते. एका नावाच्या संदिग्धतेची किंमत येथे माणसाच्या जिवात मोजावी लागते. उलटपक्षी ‘कळलावी’ या नावात, मग त्यातील कळ वेदनेची घ्यावी की कलहाची, अशी संदिग्धता मुळीच नाही. ते नाव या एकाच वनस्पतीचे आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून कळलावीची नावे चार ठिकाणी घडली, असे म्हणता येते. वैद्याच्या घरी विशल्या, गर्भनुत् आणि लांगली ही नावे सिद्ध झाली. घरच्या आणि सणाच्या व्यवहारात कळलावी आणि गौरीचे हात ही नावे रुजली. बाजारात खड्यानाग, करियानाग आणि बचनाग ही नावे चालली. विद्यापीठांच्या उद्यानांत मेथोनिका आणि ग्लोरिओसा ही नावे दिली गेली. यांपैकी कोणतेही एक नाव खरे आणि बाकीची चुकीची, असे मानल्यास इतिहासाचा मोठा भाग हातचा जातो. वैद्याच्या नावाने उपयोग सांगितला, घरच्या नावाने निषेध आणि आदर दोन्ही सांगितले, शास्त्रीय नावाने ओळख पक्की केली. बाजारी नावाने मात्र दोन विषांची सरमिसळ केली, आणि म्हणून त्याची नोंद घेताना अधिक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

आज रोपवाटिकांतून ही वनस्पती ‘ग्लोरी लिली’ किंवा ‘अग्निशिखा’ या नावांनी कुंडीत विकली जाते. दोन्ही नावे सुंदर आहेत आणि दोन्ही केवळ फुलाची आहेत. कंदाविषयी ती काहीच बोलत नाहीत. जी वेल घराच्या वईबाहेर ठेवण्याचा दंडक होता ती अशा रीतीने घराच्या ओसरीवर येते आणि येताना आपले सावधगिरीचे नाव मागे ठेवून येते. दुसरीकडे सड्यांवरील चिरेखाणी, काजू-आंब्याच्या लागवडी आणि गडग्यांच्या जागी आलेल्या सिमेंटच्या भिंती यांमुळे तिच्या मूळच्या जागा आकुंचित होत आहेत. माटवीसाठी रानात जाण्याऐवजी बाजारातून जुडी आणली की ज्या फेरीत मुलांना ही नावे कळत ती फेरीच उरत नाही.

यास्तव वनस्पतींच्या देशी नावांची नोंद करताना नुसती नावांची यादी पुरेशी नाही. प्रत्येक नावापुढे ते सांगणारी व्यक्ती कोणत्या व्यवसायाची, ती वनस्पतीचा कोणता भाग हाताळते आणि कोणत्या प्रसंगी ते नाव उच्चारते, एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या गेल्या तर नोंदीचे मोल कित्येक पटींनी वाढेल. विशेषतः विषारी वनस्पतींच्या बाबतीत एकच नाव दुसऱ्या कोणत्या विषास लावले जाते, हे नोंदविणे अपरिहार्य मानले पाहिजे. मालवण-वेंगुर्ल्याच्या परिसरातील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून असे साहित्य अद्यापि मिळू शकते, आणि त्यासाठी योग्य काळ भाद्रपदाच्या आरंभीचा होय. कारण त्या आठवड्यात कळलावीचे फूल रानात असते, आणि तिचे नाव माणसांच्या तोंडी असते.